मुलगी सप्टेंबरअखेर जर्मनीला चाललीय, तयारीबद्दल विचारायचंय (व्हिसा, पैसे, कर्ज, कुकर, सगळंच)

मिरजेची_आई:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा. मुलीला मॅग्डेबुर्गच्या विद्यापीठात मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, बीई मेकॅनिकल झालंय तिचं, ऑक्टोबरात लेक्चर्स सुरू. एपीएस सर्टिफिकेट (इथले शिक्षणाचे कागद तपासल्याचा जर्मन दूतावासाकडचा दाखला) आलंय, ॲडमिशन लेटर आलंय. ती म्हणते आता फक्त व्हिसा, पैसे आणि बॅगा राहिल्यात, आणि मला ऐकताना वाटतं की मग झालंय तरी काय!

घरी रोज एकजण येतो आणि काहीतरी नवीन सांगून जातो. नणंदेचे दीर म्हणाले सगळ्या मार्कशीटना अपोस्टिल (परदेशात कागद खरा धरावा म्हणून सरकारचा शिक्का) मारून घ्या नाहीतर तिथून परत पाठवतात. एक एजंट म्हणतो चाळीस हजार द्या, व्हिसाची फाइल आम्ही बघतो. शेजारच्या वहिनींचं म्हणणं कुकर, मिक्सर, पोळपाट-लाटणं आणि वर्षाचा मसाला द्याच. ते ब्लॉक्ड अकाउंट लेकीने समजावून सांगितलं तरी मनाला पटत नाही की आपलेच पैसे आपल्याला का काढता येऊ नयेत. ह्यांचं म्हणणं कर्ज काढू, माझं म्हणणं एफडी मोडू, व्याज कोण भरत बसणार. थोडी शेती आहे, ती तारण चालते का? आणि तिथे खोली अजून मिळालेली नाही, त्याचं तिला काही वाटत नाही आणि मला रात्री झोप नाही.

जे ह्यातून गेलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मी मोबाइलवर वाचते त्यामुळे लांबलं तरी चालेल.

स्टुटगार्टकर:

ताई, आधी लेकीचं अभिनंदन. एपीएस हातात आहे म्हणजे सगळ्यात कंटाळवाणं काम उरकलंय. नोव्हेंबर २०२२ पासून ते भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं, आमच्या वेळी नव्हतं.

अपोस्टिल विसरा. विद्यार्थी व्हिसाला ते मागत नाहीत, आणि भारताची अपोस्टिल जर्मनी तशीही धरत नाही कारण भारत त्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतलेली. नणंदेच्या दिरांना सांगू नका, उगाच वाईट वाटेल.

एजंटला चाळीस हजार कशाला? अर्ज आता कॉन्सुलेटच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा असतो, कागद तिथेच अपलोड करायचे, ते तपासून झाले की व्हीएफएसची (कॉन्सुलेटच्या वतीने व्हिसाचे अर्ज घेणारी कंपनी) अपॉइंटमेंट, तिथे बोटांचे ठसे, फोटो आणि पासपोर्ट जमा. फी ७५ युरो, ती रुपयात घेतात. ह्यात एजंट काय करणार तर तुमच्याच मुलीकडून सगळे कागद मेलवर मागवणार आणि तेच अपलोड करणार, वर मोटिव्हेशन लेटर कुठल्यातरी दुसऱ्या पोराचं कॉपी करून चिकटवणार. माझ्या एका मित्राच्या पत्रात चक्क दुसऱ्या युनिव्हर्सिटीचं नाव राहिलं होतं, नशीब वेळेत कळलं.

ब्लॉक्ड अकाउंटचं असं आहे की जर्मन सरकारला खात्री हवी असते की पोरगी वर्षभर स्वतःच्या पैशावर जगेल. म्हणून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात टाकायचे आणि तिथे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरो तिच्या रोजच्या खात्यात येतात, त्याहून जास्त नाही. पैसे तुमचेच आहेत, कुठे जात नाहीत, व्हिसा नाकारला तर परत मिळतात (थोडे चार्जेस कापून). खातं ऑनलाइन उघडतं, पासपोर्ट आणि ॲडमिशन लेटर लागतं. एक गोष्ट मात्र नीट ऐका, पाठवताना बरोब्बर ११,९०४ पाठवू नका, मधल्या बँका वाटेत चार्ज कापतात आणि तिकडे वीस-पंचवीस युरो कमी पोचले की कन्फर्मेशन लेटर अडकतं. खाते उघडणाऱ्या कंपनीची फी आणि वर थोडे जास्तीचे असं पाठवा, किंवा बँकेत फॉर्म भरताना सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे असा पर्याय असतो तो निवडा.

आणि पोचल्याबरोबर पहिले ९९२ मिळत नाहीत. आधी तिथे पत्ता नोंदवायचा, बँक खातं उघडायचं, मग ब्लॉक्ड अकाउंट चालू करायचं, ह्यात तीन-चार आठवडे सहज जातात. त्यामुळे फॉरेक्स कार्डवर हजार-दीड हजार युरो वेगळे ठेवा, खोलीचं डिपॉझिट पण त्यातूनच जाणार आहे.

मॅग्डेबुर्ग छान निवडलंय, ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टर फी. आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने पण २०२४ पासून बाहेरच्यांना फी लावली.

बँकवाले_काका:

कर्ज की एफडी ह्यावर लिहितो, ३४ वर्षं सरकारी बँकेत काढलीत.

शेतजमीन तारण म्हणून शैक्षणिक कर्जाला चालत नाही, त्यामुळे सात-बारा घेऊन बँकेत हेलपाटे घालू नका. एनए प्लॉट, फ्लॅट, घर, एफडी, एलआयसीची पॉलिसी हे चालतं. साडेसात लाखांपर्यंत साधारण तारण लागत नाही, त्याच्या वर लागतं. घर गावठाणात असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढून ठेवा, वडिलोपार्जित असेल आणि कार्डावर आजोबांचं नाव असेल तर आत्ताच वारसनोंद बघा. कारण बँकेचा पॅनेलवरचा वकील तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो आणि हमखास तिथेच गाडी अडते, एखाद्या आत्याचं हक्कसोडपत्र झालेलं नसतं आणि ती नेमकी यवतमाळला असते. मग व्हॅल्युएशन. हे सगळं धरून सहा-आठ आठवडे लागू शकतात, म्हणून व्हिसाच्या तारखेआधी नाही तर आजच सुरू करा.

व्याजाची भीती आहे तशी बाळगू नका, पण आंधळेपणाने कर्जही घेऊ नका. बऱ्याच सरकारी बँकांत मुलींना अर्धा टक्का सवलत आहे. शिकत असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर हप्ता नसतो, मात्र व्याज चढत असतं, ते तेवढं दर महिन्याला भरत राहिलात तर पुढे ओझं वाटत नाही. आयकरात ह्या कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या कररचनेतच, नवीन रचना घेतली असेल तर हे विसरा.

आता टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून सरकारला भरते तो आगाऊ कर. पैसे परदेशी पाठवताना एका आर्थिक वर्षात माणशी दहा लाखांच्या वर गेलं की बँक टीसीएस कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर एप्रिल २०२५ पासून तो नाही. एफडी मोडून पाठवणार असाल तर ११,९०४ युरो म्हणजे आजच्या भावाने दहा लाखांच्या वर जातातच, तेव्हा काही रक्कम यजमानांच्या खात्यातून आणि काही तुमच्या खात्यातून पाठवा, दोघांचे पॅन वेगळे, मर्यादा वेगळ्या. कापला गेला तरी रिटर्न भरताना परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

माझं मत विचाराल तर निम्मं-निम्मं. साडेसात लाखांपर्यंत विनातारण कर्ज, बाकी एफडी. म्हातारपणाची सगळी एफडी मोडून पोरांना पाठवणारे आईबाप मी काउंटरवर पाहिलेत, मुलीचं बस्तान बसेपर्यंत तुमच्याकडे काहीतरी राहू द्या.

वाटसरू:

काकांना +१. पुढे वाचणाऱ्यांसाठी एक भर घालतो, राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, आणि इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या योजना आहेत. पण शाहू महाराज योजनेला क्यूएस ह्या जागतिक विद्यापीठांच्या रँकिंगमध्ये पहिल्या २०० मधलं विद्यापीठ लागतं, मॅग्डेबुर्ग त्यात बसत नाही. ज्यांची पोरं आत्ता तिसऱ्या वर्षाला आहेत त्यांनी विद्यापीठं निवडतानाच हे बघावं, नंतर कळून उपयोग नसतो.

खमंग:

माझ्या आवडीचा विषय कुणी काढला नाही अजून म्हणून आले :) दोन भाच्या आणि एक मुलगा पाठवलाय, बॅग भरण्यात आता पीएचडी झालीय.

सगळ्यात आधी, तूप देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपात न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, कुंदा, बर्फी, चक्का, पनीर, सगळं बाद. कस्टमवाल्याने बघितलं तर कचऱ्यात टाकतो आणि वर दंडही होऊ शकतो. साताऱ्याचे कंदी पेढे फ्रँकफर्टच्या कचऱ्याच्या डब्यात जाताना बघवत नाहीत हो. ताजी फळं, भाज्या, पानंही नाहीत, २०१९च्या डिसेंबरपासून त्याला झाडपाल्याच्या तपासणीचं सर्टिफिकेट लागतं. केळं, नारळ, अननस, खजूर असे दोन-चार अपवाद. म्हणजे कढीपत्ता न्यायचा तर घरी पूर्ण वाळवून, चुरा करून मसाल्यात घाला.

दुसरं, खोबऱ्याच्या वाट्या. ह्या विमानात चेक-इन बॅगेत चालत नाहीत, ज्वलनशील धरतात, स्कॅनरला दिसल्या की बॅग बाजूला काढून उघडायला लावतात. मसाल्यात वाटलेलं खोबरं वेगळं, त्याला कुणी काही म्हणत नाही.

तिसरं, खसखस. तिकीट दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर खसखस अजिबात नको, तिथे ती अमली पदार्थात धरतात. ट्रान्झिटमध्ये चेक-इन बॅग सहसा उघडत नाहीत हे खरं, पण विमान चुकून रात्री तिथे राहायची वेळ आली आणि बॅग ताब्यात घेऊन बाहेर पडावं लागलं तर? मिरज-सांगलीकडे कांदा-लसूण मसाल्यात खसखस घालतातच, तेव्हा एक तर डायरेक्ट विमान घ्या नाहीतर मसाला बिनखसखशीचा कुटा.

द्यायचं काय, तर कांदा-लसूण मसाला (आख्ख्या जर्मनीत मिळणार नाही), गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, नाचणीचं सत्त्व, शेंगदाण्याची चटणी, आमसुलं, थोडे पापड, चकल्या. हळद, जिरं, मोहरी, डाळी, कणीक हे तिथल्या इंडियन दुकानात मिळतं, त्याने वजन वाढवू नका. मसाला दोन पिशव्यांत, सील करून, वर कपड्यात गुंडाळून. माझ्या भाचीचे सगळे स्वेटर महिनाभर मालवणी मसाल्याच्या वासाचे होते.

मिरजेची_लेक:

आई, तू धागा काढलास???

शोधाशोध करताना मॅग्डेबुर्ग टाकलं तर पहिलं हेच आलं. सगळ्यांना नमस्कार आणि खरंच थँक्यू, टीसीएसचं मला माहीतच नव्हतं. पण आई, खोलीचं मला काही वाटत नाही असं नाहीये, तुझ्यासमोर टेन्शन दाखवलं तर तू अजून घेतेस म्हणून गप्प असते. मी श्टुडेंटेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची होस्टेलं चालवणारी तिथली संस्था) होस्टेलला एप्रिलमध्येच अर्ज टाकलाय, वेटिंगवर आहे. आणि कुकर नेणार नाही म्हणजे नाही, २३ किलोत अडीच किलो कुकर कोण नेतं.

मिरजेची_आई:

अगं मग जेवणार काय? आमटी-भात कशात शिजवणार, ब्रेड खाऊन दोन वर्षं काढणारेस का? इथे सगळे सांगतायत ना, त्यांनाच विचार.

खमंग:

कुकरवर मी आईच्या बाजूने. दोन लिटरचा छोटा न्यायचा आणि आतल्या रिकाम्या जागेत मसाल्याच्या पिशव्या भरायच्या, जागा वाया जात नाही.

स्टुटगार्टकर:

मी लेकीच्या बाजूने :) नाही पण खरं सांगू, आधी शेगडी कसली आहे ते बघा. बऱ्याच होस्टेलात काचेची सपाट इलेक्ट्रिक शेगडी असते, तिच्यावर सपाट बुडाचा कुठलाही कुकर चालतो. इंडक्शन असेल तर इंडक्शनचाच लागेल, साधा ॲल्युमिनियमचा तापतच नाही. व्होल्टेज सारखंच आहे, २३० व्होल्ट, फक्त पिना वेगळ्या, त्यामुळे मिक्सर चालेल पण अडॅप्टर लागेल. मिक्सर मात्र कृपया नको, सकाळी सातला चटणी वाटलीत तर खालचा म्हातारा वर येतो.

आणि फोडणी जपून. काही होस्टेलांतले स्मोक अलार्म थेट फायर ब्रिगेडला जोडलेले असतात, मिरचीच्या ठसक्याने बंब आला तर त्याचं बिल खोलीवाल्याला येऊ शकतं. खिडकी उघडी, दार बंद, मग मोहरी.

एक_साधा_प्रश्न:

मला एक कळत नाही, पुण्या-मुंबईत कॉलेजं ओस पडलीत का? एवढे पैसे घालून तिकडे जाऊन शेवटी नोकरीच करायची ना? आणि मॅग्डेबुर्ग आहे त्या पूर्व जर्मनीत बाहेरच्यांना त्रास देतात असं पेपरात येतं, मुलीला एकटीला पाठवताय, विचार करा.

मॅग्डेबुर्गात_सध्या:

काकू, मी सध्या तिथेच शिकतोय, दुसऱ्या वर्षाला, मूळचा लातूरचा. आधी वरच्या साहेबांचं उत्तर देतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही, ज्याला जायचं तो जाईल. दुसऱ्यात तथ्य आहे, ते झाकायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या ख्रिसमस मार्केटमध्ये गाडी घालून हल्ला झाला, त्यानंतर काही महिने वातावरण ताणलेलं होतं आणि बाहेरून आलेल्यांना शिवीगाळीचे, ढकलाढकलीचे प्रकार झाले. ह्या राज्यात परदेशी लोकांविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाचा जोरही आहे. पण कॅम्पस, होस्टेल, लायब्ररी इथे आम्ही इतके भारतीय आहोत की पहिले दोन महिने जर्मनपेक्षा तेलुगू जास्त कानावर पडतं. इथल्या आमच्या वर्गातल्या मुलीही रात्री लॅबमधून ट्रामने येतात, उशीर झाला तर दोघी-तिघी मिळून निघतात, शनिवारी रात्री स्टेशनजवळ दारुडे असतात तिकडे थांबत नाहीत. कुणी काही बोललंच तर तोंडाला लागायचं नाही, पुढच्या स्टॉपला उतरायचं. ११० पोलिसांचा, ११२ ॲम्ब्युलन्सचा, फोनमध्ये सेव्ह करून ठेव.

आता खोली. ताई, होस्टेलच्या वेटिंगवर आहेस ते चांगलं, पण दर पंधरा दिवसांनी एक सभ्य मेल टाकत जा, शक्यतो जर्मनमध्ये. बाहेर शेअरिंगमध्ये बघत असशील तर खोली न बघता डिपॉझिट पाठवायचं नाही, कितीही गोड बोलले तरी. “मी सध्या लंडनला असतो, चावी कुरिअरने पाठवतो” असं कुणी लिहिलं की तिथेच ब्लॉक. आमच्या बॅचच्या एकाचे सहाशे युरो असेच गेले. शहर तसं स्वस्त आहे, होस्टेलची खोली तीनशे-साडेतीनशेच्या आसपास मिळून जाते. भाड्याच्या जाहिरातीत ‘काल्ट’ लिहिलं असेल तर त्यात हीटिंग नसतं, ‘वार्म’चा आकडा बघायचा. आणि आधी विचार की घरमालक पत्ता नोंदवायचं पत्र देणार का, काहीजण खोली देतात पण ते पत्र देत नाहीत. ते नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर बँक खातं उघडताना रडारड, आणि मग ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे अडकले. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असा नियम आहे आणि अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, म्हणून विमानात बसायच्या आधीच ऑनलाइन घेऊन ठेव.

पोचायचा वार नीट निवड. रविवारी सगळी दुकानं बंद असतात, आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी. शनिवारी रात्री पोचलीस तर सोमवारपर्यंत बिस्किटांवर. मंगळवार-बुधवार बरा. फ्रँकफर्टला उतरलीस तर ट्रेनने चारेक तास धर, मध्ये बदलावी लागते, बर्लिनहून मात्र आरई-१ ही साधी रिजनल ट्रेन सरळ इथे येते. दोन मोठ्या बॅगा घेऊन आठ मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलायचा प्लॅन करू नकोस, जर्मन ट्रेन वेळेवर येतात हे आपल्याकडचं जुनं कौतुक आहे, इथे कुणाला सांगितलंस तर हसतील.

मराठी आम्ही थोडेच आहोत, पण गणपतीला मोदक होतात. उकडीचे जमले नाहीत, तळणीचे. पोचायच्या आधी इथे मेसेज टाक, स्टेशनवर कुणीतरी येईल.

मिरजेची_आई:

बाळा तुझे फार उपकार, तुझ्या आईला नमस्कार सांग. स्टेशनवर येणार म्हटल्यावर निम्मा जीव खाली आला.

आडनाव_आधी:

एक मुद्दा कुणी घेतला नाही, नावाचा. आपल्याकडे बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव खाली वेगळं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव मिळून पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. विद्यापीठाच्या डिग्रीवर आणखी तिसरंच. जर्मनीत सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहायचं, अगदी विमानाच्या तिकिटापासून ब्लॉक्ड अकाउंट आणि इन्शुरन्सपर्यंत, म्हणजे वडिलांचं नावही पहिल्या नावाच्या रकान्यात जाणार. माझ्या तिथल्या दाराच्या बेलवर सहा महिने वडिलांचं नाव होतं, पोस्टमन मला त्याच नावाने हाक मारायचा, मी पण ओ द्यायचो. कुठे स्पेलिंग वेगळं असेल, डिग्रीवर एक ‘ए’ जास्त वगैरे, तर इथेच दुरुस्त करून घ्या किंवा नोटरीकडून ॲफिडेव्हिट इंग्रजीत करून घ्या.

ट्रान्स्क्रिप्ट जास्तीच्या कॉपी काढा, सीलबंद पाकिटात. पुढे नोकरीला, पीएचडीला परत लागतात आणि तेव्हा इथे येऊन विद्यापीठाच्या खिडकीवर कोण उभं राहणार? तुमचे यजमान :) ओरिजिनल डिग्री, मार्कशीट, जन्मदाखला हे केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीही नाही. जन्मदाखला मराठीत असेल तर नगरपालिकेतून इंग्रजीसुद्धा असलेला काढून ठेवा.

घाटावरची_डॉक्टर:

पटकन लिहिते, ओपीडी सुरू व्हायचीय. जाण्याआधी दात दाखवून घ्या. रूट कॅनाल, अक्कलदाढ जे काय असेल ते इथेच उरका, तिथे दातांच्या बऱ्याच कामाला खिशातून भर घालावी लागते. चष्मा असेल तर दोन जोड आणि नंबरचा कागद. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं हवं. तिथे ॲन्टिबायोटिक प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही आणि सर्दी-तापाला डॉक्टर बहुतेक वेळा गरम चहा प्या, झोपा एवढंच सांगतात, ते बरोबरच आहे, आपल्याकडे उगाच गोळ्या देतात (मी पण देते, पेशंट ऐकत नाहीत). कोडीन असलेली खोकल्याची औषधं नेऊ नका, विशेषतः आखातातून जाणार असाल तर.

पाळीचा त्रास असेल तर त्याच्या गोळ्या न्या, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आणि डिसेंबरात तिथे चार-साडेचारलाच अंधार पडतो, मुलं उदास होतात, हे आजारपण नाही पण दुर्लक्षही करू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर भारताशी साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक. ताई, फोन उचलला नाही तर आधी घड्याळ बघा मग घाबरा.

स्टुटगार्टकर:

इन्शुरन्सचं राहिलंच. व्हिसासाठी सुरुवातीच्या दिवसांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, आणि युनिव्हर्सिटीत नाव नोंदवायला तिथला हेल्थ इन्शुरन्स. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी पद्धतीचा विमा मिळतो, महिना दीडशे युरोच्या आतबाहेर. स्वस्त प्रायव्हेटच्या जाहिराती दिसतील, घेऊ नकोस, एकदा सरकारी नको म्हणून लिहून दिलं की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. म्हणजे ९९२ मधून दीडशे विमा, साडेतीनशे खोली, शिवाय घरटी १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचा कर येतो, टीव्ही नसला तरी, त्याचं पत्र आलं की कचऱ्यात टाकू नकोस. बाकीच्यात जेवण, फोन. भागतं, पण पहिल्याच महिन्यात आयफोन हप्त्यावर घेणारे पाहिलेत.

पार्टटाइम कामाचा हिशोब पहिल्या सेमिस्टरला धरू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण जर्मन येत नसेल तर गोदामात खोकी उचलायचं कामच मिळतं. जाईपर्यंत दोन महिने आहेत, जर्मन किती झालंय?

मिरजेची_लेक:

ए-१ झालंय, ए-२ चा ऑनलाइन क्लास चालू आहे, पण बोलायची वेळ आली की तोंडातून फक्त ‘एन्टशुल्डिगुंग’ (माफ करा) बाहेर पडतं.

मॅग्डेबुर्गात_सध्या:

तेवढ्यावर मी पहिलं सेमिस्टर काढलंय.

बँकवाले_काका:

अजून एक, मग मी गप्प बसतो. मुलीचा भारतातला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. बँक, आधार, पॅन, डिजिलॉकर सगळ्याचे ओटीपी त्यावर येतात. जाण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून ठेवा, म्हणजे तिथे एसएमएस मिळतील, आणि लहानसा रिचार्ज वेळेवर मारत राहायचं. आधारला नंबर कुणाचा जोडलाय तेही बघा, बऱ्याच घरांत बापाचाच निघतो. मुलीच्या बचत खात्यावर तुमच्यापैकी एकाचं नाव घाला. शिकायला गेली तरी नियमाने ती अनिवासी धरली जाते, म्हणून ते खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागतं, ते बँकेत विचारून घ्या.

मिरजेची_आई:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल ह्यांनी बँकेतून साडेसात लाखांच्या कर्जाचा फॉर्म आणला, बाकीचे दोघांच्या खात्यातून पाठवतोय. एजंटला नाही म्हणून कळवलं तर म्हणतो वीस हजारात करतो. प्रॉपर्टी कार्डावर खरंच सासऱ्यांचं नाव निघालं, वारसनोंदीचा अर्ज आता देऊनच टाकतो, पुढे कधी लागलं तर. तिकीट मुंबई-फ्रँकफर्ट डायरेक्ट बघतोय, खसखशीचा प्रश्न मिटला, विद्यार्थ्यांच्या भाड्यात एक बॅग जास्त मिळते म्हणतात ते विचारतोय. कुकरवर अजून तह झालेला नाही.

शेवटचं एक, अंथरूण-पांघरूण न्यायचं का? रजई, उशी, चादरी? मी गोधडी शिवायला दिलीय पण ती एकटीच तीन किलो भरतेय.

मॅग्डेबुर्गात_सध्या:

काकू उशी-रजई इथे स्वस्तात मिळते, नका देऊ, आणि इकडची उशी ८० बाय ८० चौकोनी असते, आपले अभ्रे बसत नाहीत. चादर एक द्या, पहिल्या रात्रीपुरती. होस्टेलच्या हॉलवेत जुन्या मुलांनी सोडून दिलेलं सामानही बरंच असतं, मागच्या वर्षी तीन कुकर पडून होते, त्यातला एक मी वापरतोय, शिट्टी नाही पण वजन टाकलं की चालतो. बाकीचे दोन अजून तिथेच आहेत का बघून सांगतो.